सुतारकामासाठी अचूक आणि खिशाला परवडणारा गुण्या कसा निवडावा?

विचारलेला प्रश्न असा आहे : घरी हौसेने सुतारकाम सुरू केले आहे, जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाकडी दांड्याचा सहा इंची गुण्या (काटकोन आखण्याचे आणि तपासण्याचे हत्यार; त्याची जाड भुजा म्हणजे दांडा, पातळ भुजा म्हणजे पाते) घेतला आहे, पण जोडलेल्या चौकटी कोपऱ्यांत उघड्या राहतात. नावाजलेल्या परदेशी कंपन्यांचे गुण्ये काही हजार रुपयांना मिळतात आणि एवढा खर्च सुरुवातीलाच करणे जमणारे नाही. मग भरवशाचा आणि स्वस्त असा कोणता गुण्या घ्यावा?

माझे उत्तर आधी सांगतो. १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंची पात्याचा, दांडा आणि पाते दोन्ही पोलादाचे असलेला ‘इंजिनिअर्स स्क्वेअर’ घ्यावा. तो सुतारकामाच्या सामानाच्या दुकानाऐवजी टर्नर-फिटर जिथून हत्यारे घेतात तिथून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच तपासून घ्यावा. भारतीय बनावटीचा असा गुण्या काही शे रुपयांत मिळतो आणि लाकडाच्या कामाला लागते त्याहून अधिक अचूकता तो देतो. यातले सर्वांत महत्त्वाचे काम तपासणीचे आहे. गुण्यावर छापलेले नाव आणि त्याची किंमत यांवरून तो तुमच्या हातात काटकोनात आहे की नाही हे कळत नाही. ते पाच मिनिटांच्या तपासणीने कळते, आणि तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

लाकडाच्या कामाला किती अचूकता पुरते, हे आधी आकड्यांत पाहू, म्हणजे पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे स्पष्ट होईल. एक अंशाची चूक १०० मिलिमीटर अंतरावर पावणेदोन मिलिमीटर होते. एवढी चूक नुसत्या डोळ्यांना दिसते आणि असा गुण्या कोणी विकत घेणार नाही. फसवते ती त्याच्या दहाव्या हिश्शाची चूक. १५० मिलिमीटरच्या पात्याच्या टोकाशी पाव मिलिमीटरचा फरक असेल, तर तो अंशाच्या एक दशांशाएवढा असतो आणि गुण्या हातात धरून पाहिल्यास काहीच जाणवत नाही. पण याच गुण्याने आखून ६०० मिलिमीटर खोलीच्या कपाटाची बाजू कापली, तर दुसऱ्या टोकाला पूर्ण एक मिलिमीटरचा फरक पडतो. दाराच्या चौकटीत कुसाचा, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणाऱ्या टोकाचा, खांदा या गुण्याने आखला आणि क्लॅम्प आवळून सांधा बळेच बंद केला, तर ९०० मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्टीचे टोक दीड मिलिमीटरने सरकते. चार कोपऱ्यांवर अशा चुका एकत्र आल्या की चौकट टेबलावर सपाट बसत नाही किंवा एखादा कोपरा उघडा राहतो. प्रश्नातले वर्णन नेमके याच प्रकारचे आहे.

दुसरीकडे, लाकूड स्वतःच हलते. मे महिन्यात रंधून १०० मिलिमीटर रुंद केलेली सागवानी फळी ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत मोजली, तर ती अर्धा मिलिमीटर आणि कधी त्याहूनही अधिक फुगलेली आढळते. त्यामुळे यंत्रशाळेतील मोजमापाला लागणारी मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) अचूकता लाकडात टिकतच नाही आणि तिच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. माझ्या मते १५० मिलिमीटरला ०.०५ मिलिमीटरपर्यंतची चूक असलेला गुण्या बारीक सांध्यांच्या कामालाही निर्धास्तपणे वापरावा. वरच्या उदाहरणातील चौकटीत त्याने ०.३ मिलिमीटरचा फरक पडेल, आणि तेवढा फरक रंध्याच्या एखाद-दोन हातांत निघून जातो.

आता हे मापदंड बाजारातल्या मालाला लावून पाहू. सुताराच्या गुण्यांसाठी ब्रिटिश मानक ३३२२ आहे आणि त्यात पात्याच्या दर सेंटिमीटरला ०.०१ मिलिमीटर चूक चालते. म्हणजे सहा इंची गुण्याला ०.१५ मिलिमीटर चूक असली तरी तो मानकात बसतो. शिवाय अशा गुण्यांत ही हमी बहुधा आतल्या कोनापुरतीच असते. बाहेरच्या कडेबद्दल कोणी काही बोलत नाही. इंजिनिअर्स स्क्वेअरसाठी जर्मन मानक डीआयएन ८७५ सर्वत्र वापरले जाते. त्यात ००, ०, १ आणि २ अशा चार श्रेणी आहेत, आणि त्यातली सर्वांत सैल श्रेणी २ घेतली तरी १५० मिलिमीटरला सुमारे ०.०३५ मिलिमीटर एवढीच चूक चालते. सुताराच्या गुण्याच्या मानकापेक्षा ती चौपटीने कडक आहे. भारतात इंजिनिअर्स स्क्वेअरसाठी आयएस २१०३ हे मानक आहे. म्हणून यंत्रशाळेच्या दृष्टीने सर्वांत साधा आणि स्वस्त मानला जाणारा गुण्यासुद्धा सुतारकामात उत्तम ठरतो. श्रेणी ० किंवा ०० साठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. ती अचूकता टिकवायला सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट घासलेला पाट, आणि स्थिर तापमानाची खोली लागते. लाकडाच्या भुशात तिचा उपयोग नाही.

भारतात जालंधर आणि लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत. गुरुग्रामची ग्रोझ, मुंबईची क्रिस्टील अशा कंपन्यांचे गुण्ये फिटरकामाच्या दुकानांत सहज दिसतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी या परिसरांत एकाच प्रकारचे अनेक नग पाहून निवडण्याची सोय आहे, आणि ती मला घरपोच येणाऱ्या खरेदीपेक्षा अधिक मोलाची वाटते. एकाच पेटीतल्या पाच गुण्यांपैकी दोन उत्तम, दोन बरे आणि एक टाकाऊ निघणे यात काही नवल नाही. स्वस्त मालात कारखान्याच्या तपासणीवर खर्च कमी झालेला असतो, ती तपासणी आपण केली की किमतीतला बराचसा फरक भरून निघतो.

तपासणीची मूळ पद्धत जुनी आणि निर्दोष आहे. सरळ कडेची एक फळी घ्यावी. एमडीएफची किंवा प्लायवुडची कारखान्यात कापलेली कड बहुधा चालते, पण तीही आधी पडताळावी : त्या कडेला लावून कागदावर लांब रेघ ओढावी, फळी उलटी फिरवून तीच कड त्या रेघेला दुसऱ्या बाजूने लावावी आणि दोन्हींमध्ये कुठे फट दिसते का ते पाहावे. कड सरळ असल्याची खात्री झाली की गुण्याचा दांडा तिला डावीकडून घट्ट टेकवून पात्याच्या बाहेरच्या कडेने रेघ मारावी. मग गुण्या पालथा करून दांडा उजवीकडे घ्यावा, पात्याची तीच कड रेघेच्या बुडाशी आणावी आणि दुसरी रेघ मारावी. गुण्या काटकोनात असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडतात. नसेल तर त्या टोकाकडे फाकतात, आणि टोकाशी दिसणारे अंतर हे प्रत्यक्ष चुकीच्या दुप्पट असते. या पद्धतीचे सामर्थ्य या दुपटीत आहे, कारण डोळ्यांना न दिसणारी चूक ती दिसण्याइतकी मोठी करते. दांडा डावीकडे असताना मारलेली रेघ टोकाशी दुसऱ्या रेघेच्या उजवीकडे गेली, तर कोन ९० अंशांपेक्षा मोठा आहे. डावीकडे राहिली तर लहान आहे.

इथे बहुतेकांचे चुकते ते पेन्सिलीत. बोथट पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि आपण शोधतो आहोत ती चूक तिच्या जाडीत लपून जाते. रेघ धारदार पात्याच्या सुरीने, पात्याला चिकटून, हलक्या हाताने मारावी. सुरीची रेघ स्पष्ट दिसावी म्हणून त्या जागी आधी मार्कर पेनने रंग फासावा. दुसरी युक्ती अशी की दुसरी रेघ पहिलीवर न मारता तिच्यापासून मिलिमीटरभर अंतरावर मारावी. दोन रेघा एकमेकींवर बसल्या आहेत की नाही हे ठरवण्यापेक्षा त्यांच्यामधली पट्टी खालपासून वरपर्यंत सारखी आहे की निमुळती होत गेली आहे, हे डोळा फार लवकर ओळखतो. अंदाजासाठी लक्षात ठेवा की प्रिंटरचा साधा ७५ किंवा ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. १५० मिलिमीटरवर रेघांमधला फरक एका कागदाच्या जाडीएवढा किंवा त्याहून कमी असेल, तर प्रत्यक्ष चूक ०.०५ मिलिमीटरच्या आत आहे आणि तो गुण्या घेण्यास हरकत नाही.

दुकानात फळी आणि सुरी घेऊन बसणे नेहमीच शक्य होत नाही. तिथे मी तीन गुण्यांची तपासणी करतो आणि ती इथे मुद्दाम सविस्तर लिहितो. बऱ्याच दुकानांत गल्ल्यावर जाड काच असते. दुकानदाराला एकाच मापाचे तीन इंजिनिअर्स स्क्वेअर काढायला सांगावे. काच पुसून घ्यावी, गुण्यांच्या दांड्यांवरचे तेल आणि धूळही पुसावी. पहिला आणि दुसरा गुण्या दांड्यांवर उभे करून, दांडे विरुद्ध दिशांना ठेवून, दोन्ही पात्यांच्या पाठी एकमेकींना भिडवाव्यात आणि पलीकडच्या उजेडाकडे पाहावे. पाती वर भिडून खाली उजेड दिसला तर दोन्ही कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा जास्त आहे; खाली भिडून वर उजेड दिसला तर कमी. खालपासून वरपर्यंत उजेड दिसलाच नाही तर बेरीज १८० आहे. पण एवढ्यावर थांबू नये, कारण एक गुण्या जेवढा उघडा तेवढाच दुसरा मिटलेला असेल तरीही हेच दिसेल. म्हणून पहिला आणि तिसरा, मग दुसरा आणि तिसरा अशा जोड्याही लावाव्यात. तिन्ही जोड्यांत उजेड दिसला नाही, तर तिन्ही गुण्ये ९० अंशांचेच असले पाहिजेत. दुसरी शक्यता गणिताने उरत नाही. या पद्धतीला आधीपासून खात्री असलेला चौथा गुण्या लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे. एखादी जोडी जुळत नसेल तर आणखी एक नग मागवून पुन्हा जुळवावे. पाहण्याचा हेतू समजावून सांगितला तर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही, आणि म्हणालाच तर दुसरे दुकान गाठावे. घरपोच मागवला असेल, तर आला त्याच दिवशी वरची रेघांची तपासणी करावी, म्हणजे परत करण्याची मुदत टळत नाही.

बाहेरचा कोन बरोबर निघाला म्हणजे आतलाही बरोबर असेलच असे नाही. पात्याची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) दांड्याजवळ आणि टोकाशी मोजावी, तशीच दांड्याची रुंदीही दोन ठिकाणी मोजावी. दोन्ही ठिकाणी माप सारखे आले, तर आतला कोनही आपोआप बरोबर ठरतो. सुतारकामात हे महत्त्वाचे आहे, कारण फळीची रंधलेली कड तपासताना आपण आतलाच कोन वापरतो : दांडा फळीच्या तोंडाला टेकवून पाते कडेवर उतरवतो आणि खालून येणारा उजेड पाहतो. इंजिनिअर्स स्क्वेअरच्या आतल्या कोपऱ्यात एक लहान खाच असते. यंत्रशाळेत ती लोखंडाच्या कापाची कुसळे अडकू नयेत म्हणून ठेवलेली असते, लाकडात तिच्यात भुसा जातो आणि गुण्या नीट टेकतो. ती खाच नसलेला गुण्या वापरताना कोपरा वरचेवर पुसावा लागतो.

बाजारातल्या इतर प्रकारांबद्दल माझे मत असे आहे. लाकडी दांड्याचा ट्राय स्क्वेअर, म्हणजे सुताराचा नेहमीचा गुण्या, दिसायला सुंदर आणि हाताला सुखद असतो. पण पाते दांड्यात रिव्हेटने बसवलेले असते आणि उन्हाळ्यात दांड्याचे लाकूड आकसले की रिव्हेटभोवती बारीक हालचाल सुरू होते. दांड्याच्या आतल्या बाजूला पितळी पट्टी नसेल, तर वर्षानुवर्षे घासून तो कोपऱ्यापाशी झिजतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात बर्मिंगहॅमच्या रेबोनसारख्या जुन्या कंपन्यांचे, शिसवी दांड्याचे आणि पितळी पट्टीचे गुण्ये अधूनमधून मिळतात. ते जरूर घ्यावेत, पण तपासून आणि दुरुस्तीची तयारी ठेवून. ओतीव अॅल्युमिनियमच्या दांड्याचे स्वस्त गुण्ये घेताना दांड्याच्या आतल्या तोंडावरून बोट फिरवावे. तिथे रंगाचे थेंब किंवा ओतकामाचा खडबडीतपणा असेल तर पाते कितीही सरळ असले तरी उपयोग नाही.

कॉम्बिनेशन स्क्वेअरबद्दल, म्हणजे डोक्यात पट्टी सरकवता येणाऱ्या गुण्याबद्दल, जरा सावध राहायला हवे. त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे : पट्टी सरकवून खोली मोजता येते, ४५ अंश आखता येतो, पेन्सिल टोकाशी धरून खतकसासारखी (कडेला समांतर रेघ मारण्याच्या हत्यारासारखी) समांतर रेघ मारता येते. अमेरिकेतील अॅथॉल गावी १८८० मध्ये सुरू झालेल्या स्टारेट कंपनीचा कॉम्बिनेशन स्क्वेअर या प्रकारात आदर्श मानला जातो आणि त्याची किंमतही तशीच आहे. स्वस्त कॉम्बिनेशन स्क्वेअरमध्ये दोष असतो तो डोक्याच्या खाचेत. पट्टी त्या खाचेतल्या दोन लहान टेकूंवर बसते. ते टेकू नीट घासलेले नसतील, किंवा आवळण्याचा बोल्ट पट्टीला तिरके ओढत असेल, तर दर वेळी आवळल्यावर कोन थोडासा बदलतो. म्हणून त्याची रेघांची तपासणी एकदा करून भागत नाही. स्क्रू सैल करून, पट्टी सरकवून, पुन्हा आवळून तीन-चार वेळा करावी, पट्टी उलट बाजूने घालूनही करावी. दर वेळी चूक तेवढीच आणि त्याच दिशेला आली, तर टेकूंपैकी उंच असलेला बारीक कानशीने किंचित घासून ती सुधारता येते. दर वेळी वेगळी आली, तर तो गुण्या परत करावा, कारण त्याला दुरुस्ती नाही. स्वस्त घेऊन तो मोजपट्टी आणि खतकस म्हणून वापरावा आणि काटकोनाचा अंतिम निर्णय पोलादी गुण्यावर सोडावा, अशी माझी शिफारस आहे.

त्रिकोणी स्पीड स्क्वेअर साइटवर प्लायवुड आखायला आणि हातातल्या सर्क्युलर सॉला टेका द्यायला चांगला आहे. सांध्यांच्या कामासाठी तो माझी निवड नाही. याउलट एक अतिशय स्वस्त वस्तू लोक विसरतात. चित्रकलेच्या आणि ड्रॉइंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारे मोठे पारदर्शक गुण्ये बरेचदा आश्चर्य वाटावे इतके अचूक निघतात. सुरीला लावून वापरले तर त्यांची कड खराब होते, म्हणून कामाला नको. पण घरात काटकोनाची खूण म्हणून एक तपासून ठेवावा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहावेत.

मोठ्या मापाच्या कामाला सहा इंची गुण्या अपुरा पडतो आणि इथे लोक पुन्हा महाग वस्तूकडे वळतात. त्याची गरज नाही. कपाटाचे खोके जोडताना गुण्या कोपऱ्यात घालून पाहण्यापेक्षा दोन्ही कर्ण मोजावेत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्णही सारखे असतील, तर खोके काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प तिरका लावून ते दाबून आणावे. प्लायवुडच्या अख्ख्या शीटवर आखायचे असेल, तर एका कडेवर ६०० मिलिमीटर, दुसऱ्या रेघेवर ८०० मिलिमीटर आणि त्यांना जोडणारी तिरकी रेघ नेमकी १००० मिलिमीटर, हा ३-४-५ चा हिशोब कोणत्याही विकतच्या गुण्यापेक्षा खात्रीचा आहे.

मोठा गुण्या लागतोच असे वाटल्यास तो स्वतः बनवावा. जुन्या दाराच्या चौकटीतले मुरलेले सागवान यासाठी उत्तम. सरळ रेषांचे, गाठी नसलेले दोन तुकडे घ्यावेत : दांड्यासाठी सुमारे २५ मिलिमीटर जाड आणि पात्यासाठी आठ-दहा मिलिमीटर जाड, दोन्हींत रेषा लांबीच्या दिशेने. दांड्याच्या टोकाला मधोमध खाच पाडून त्यात पाते सरसाने चिकटवावे आणि जोडतानाच शक्य तेवढे काटकोनात आणावे. सरस पूर्ण सुकल्यावर रेघांची तपासणी करावी आणि जिकडे रेघ बाहेर जाते तिकडे पात्याची बाहेरची कड रंध्याने एकेक पातळ साल काढत उतरवावी. साल काढायची, रेघा मारायच्या, पुन्हा साल काढायची, असे रेघा जुळेपर्यंत करावे. मग खतकस लावून आतली कड बाहेरच्या कडेला समांतर करावी. लाकूड लांबीच्या दिशेने नगण्य हलते, म्हणून असा गुण्या बऱ्यापैकी टिकतो. तरीही पावसाळा लागल्यावर आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर एकदा तो तपासावा. चुकला असेल तर रंध्याची एक साल पुरते, आणि ही सोय पोलादी गुण्यात नाही.

पोलादी गुण्या वापरात ठेवताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पहिली म्हणजे तो पडू देऊ नये; हातोडी, पटाशी यांच्याबरोबर पिशवीत टाकू नये. पडलाच, तर दिसायला ठीक असला तरी पुढची रेघ मारण्याआधी तपासावा. दुसरी गोष्ट गंजाची. किनारपट्टीवर पावसाळ्यात घामाचा हात लागलेल्या जागी एका रात्रीत तांबूस ठसा उमटतो. काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि दमट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नये. पुन्हा वापरण्यापूर्वी तेल पुसावे, कारण लाकडाला लागलेले तेल पुढे पॉलिश धरू देत नाही.

शेवटी, तुमच्या हातातल्या लाकडी दांड्याच्या गुण्याचे काय करावे, हेही विचारात घेऊ. आधी पाते दांड्यात हलते का ते पाहा. हलत असेल, तर लोखंडी ठोकळ्यावर ठेवून रिव्हेट हलक्या हाताने ठोकून घट्ट करावे. मग रेघांची तपासणी करावी. कोन ९० पेक्षा मोठा निघाला, तर पात्याच्या बाहेरच्या कडेला टोकाकडून आणि आतल्या कडेला दांड्याकडून धातू काढावा लागतो. लहान निघाला, तर याच्या उलट. कडेला मार्कर फासून बारीक कानस लांबीच्या दिशेने चालवावी, म्हणजे कुठे घासले गेले ते दिसते, आणि दर चार-पाच हातांनंतर रेघा मारून पाहावे. एखादा मोठा एल आकाराचा पत्र्याचा गुण्या तुमच्याकडे असेल, तर त्याला कानशीऐवजी सेंटर पंच वापरतात : आतल्या कोपऱ्याजवळ, दोन्ही भुजा जिथे मिळतात त्या तिरक्या रेषेवर ठोका मारला की तिथला धातू पसरून कोन उघडतो आणि बाहेरच्या कोपऱ्याजवळ मारला की मिटतो. एकेक ठोका मारून तपासत जावे.

हे करण्यापूर्वी मात्र एक खात्री करून घ्या की दोष गुण्याचाच आहे. चौकटीच्या पट्टीवर चारही बाजूंनी रेघ फिरवली आणि शेवटची रेघ पहिलीला मिळाली नाही, तर गुण्या चुकीचा असू शकतो, तसेच पट्टीच्या बाजू एकमेकींना काटकोनात रंधलेल्या नसू शकतात. म्हणून आधी गुण्याची रेघांची तपासणी करा. तो बरोबर निघाला, तर पट्टीची एक रुंद बाजू आणि एक कड नीट रंधून त्यांवर खूण करा आणि दांडा नेहमी याच दोन बाजूंना टेकवून आखा. उरलेल्या दोन बाजूंना दांडा कधीही टेकवू नका.